सातव्या दारानं काय घेतलं

चंद्रमतीबाईंच्या मुलानं घरची कथा संगणकाला देऊन टाकली, असं तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत सगळे म्हणत, आणि सगळे चुकीचं म्हणत. दिली ती नवऱ्यानं. मुलानं फक्त हात पुढे केला होता. पण लोकांचं काय, बोलायला जीभ आहे आणि बसायला तिण्णै आहे. घराबाहेरच्या त्या ओट्यावर टेकून बाळकृष्णराव रोज संध्याकाळी सुरू व्हायचे, "पाच पिढ्यांची कथा हो! आणि आता पोरं बटणं दाबून खेळतात!" ते कानावर आलं की चंद्रमतीबाई दार लावून घ्यायच्या. जरा जोरातच लावायच्या.

कथा बाईंच्या नवऱ्याच्या, सेतुमाधवरावांच्या घराण्याची. जिंजीहून फौजेबरोबर रायाजी नावाचा एक शिपाई तंजावुरास आला आणि त्याच वर्षी कावेरी आटली. का आटली? तर नीलाराणीनं सगळं पाणी नदीच्या तळाखालच्या आपल्या शहरात ओढून नेलं. त्या शहराचं नाव नीलतळ. तिथं पोचायला सात दारं आणि दर दाराशी एक राखणदार. तो सोनंनाणं मागत नाही, माणसाच्या अंगचं काहीतरी मागतो. पहिल्या दारानं रायाजीची सावली घेतली. दुसऱ्यानं मिठाची चव घेतली. तिसऱ्यानं आईच्या अंगाईची चाल, चौथ्यानं घराची वाट, पाचव्यानं नाव, सहाव्यानं डोळ्यांतलं पाणी. सातव्या दारानंही काहीतरी घेतलं आणि मग नदी सोडली. काय घेतलं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

ठाऊक असणार कसं? आडी महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात, मठात सात दिवस कथा व्हायची, दिवसाला एक दार. सातवा दिवस म्हणजे आडीचा अठरावा, बायका कावेरीला हळदकुंकू वाहतात तो. त्या दिवशी सेतुमाधवराव देवापुढचा पडदा ओढून आत एकटे बसत आणि सातवं दार फक्त देवाला सांगत. बाहेर माणसं हात जोडून गप्प. आतून नुसत्या चिपळ्या ऐकू यायच्या. पडदा सरला की राव म्हणायचे, "नदी आली!" आणि सगळे उठून चित्रान्नाच्या पानांकडे वळायचे. सातवं दार फक्त पुढच्या सांगणाऱ्याच्या कानात जायचं, तेही एकदाच, तळहातावर पाणी सोडून. लिहायचं नाही. आणि एकदा पाणी सोडलं की देणाऱ्यानं कथेतलं एक अक्षर पुन्हा तोंडातून काढायचं नाही. दिलेली लेक परत मागत नाहीत, तसंच ते.

एक्केचाळीस वर्षं ते चित्रान्न चंद्रमतीबाईंनी केलं. चिंचेचा भात, लिंबाचा भात, नारळाचा भात. सहा दारं त्यांना तोंडपाठ होती, कारण राव वर्षभर घरात तालीम करत आणि घर काही मोठं नव्हतं. सातव्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. विचारायची पद्धत नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांचा जीव पातेल्याच्या बुडाशी असायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत मुलगा विश्वेश चेन्नईहून आला. तिथं एका कंपनीत तो संगणकावरचे खेळ करायचा. परदेशी मालक, इथली पोरं, तेव्हा असल्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवत होत्या. जेवताना तो वडिलांना म्हणाला, "अण्णा, त्यांना एक जग हवंय."

"जग?"

"म्हणजे आख्खं. देव, राजे, जुनी युद्धं, सणवार, नकाशा. खेळणारा त्यात महिनोन् महिने हिंडतो. परदेशातली जगं सगळ्यांनी वापरून झालीत. मला नीलतळ द्या."

बाईंना वाटलं, आता हे पान टाकून उठणार. पण राव ताकभात कालवत राहिले. मठात गेल्या आडीला चारच म्हातारे होते, त्यातला एक बहिरा आणि एक पहिल्या दारापासून घोरणारा. पोराबाळांना घरात मराठी कळायची, पण कथेतली जुनी मराठी त्यांच्या डोक्यावरून जायची. राव इतकंच म्हणाले, "किती माणसं ऐकतील?"

"लाखभर तरी, अण्णा."

दुसऱ्या दिवशी सकाळी राव आंघोळ करून बसले. विश्वेशनं पँटवरच धोतरासारखी वेष्टी गुंडाळली. बाईंनीच पंचपात्रातलं पाणी बापाच्या हातावर ओतलं, ते तुळशीच्या पानावरून मुलाच्या तळहातावर उतरलं. मग बाईंना बाहेर पाठवण्यात आलं. थोड्या वेळानं राव बाहेर आले, हात पुसले आणि कॉफी मागितली. त्या दिवसानंतर त्यांनी कथेतला शब्द उच्चारला नाही. तालीम थांबली, घर मुकं झालं. बाई कामाच्या नादात स्वतःच एखादी ओवी म्हणू लागत आणि रावांना पाहून जीभ चावत.

विश्वेशचं मात्र तोंड थांबेना. दर महिन्याला तो यायचा, वही घेऊन थेट स्वयंपाकघरात. "अम्मा, जिथं सावलीच नाही तिथं दुपार झाली ते कसं कळणार?"

"चटके बसतील तेव्हा कळेल," बाई म्हणायच्या. मग जरा थांबून म्हणायच्या, "नाहीतर वाळवणाचे वडे वाळतात त्यावरून. तिथल्या बायका वडे घालत असतील, घड्याळ म्हणून."

तो लिहून घ्यायचा! खरंच लिहून घ्यायचा, आणि मग बाईंनाही चेव चढायचा. ज्या गावात मीठ नाही तिथं काय करतात? नवरीच्या डोळ्यांतलं पाणी वाटीत धरतात आणि पंगतीत भातावर शिंपडतात. म्हणून तिथं लग्नात नवरी रडली नाही तर पाहुणे उपाशी उठतात. ज्यांना नाव नाही ते एकमेकांना हाका कशा मारतात? दर माणसाची टाळी वेगळी. तिथला देव कोण? तर पाणी राखणारी कासवीण. तिच्या पाठीवर नकाशा आहे आणि तो तिला स्वतःला कधीच दिसत नाही. यातलं एकही कथेत नव्हतं. सगळं बाईंच्या डोक्यातून डाळीबरोबर शिजून आलेलं. राव खाटेवरून ऐकायचे. मनाई फक्त बोलायला होती, ऐकायला नव्हती.

नव्व्याण्णवमध्ये पहिला भाग निघाला, तीन दारांचा. विश्वेशनं संगणक घरी आणून मांडला. नीलाराणीला कुणीतरी शिंगं काढली होती आणि तिच्या अंगावर पुरेसं कापडही नव्हतं. "अय्यो, हिला थंडी वाजेल रे!" बाई म्हणाल्या. पण पुढं गच्चीगच्चीवर वडे वाळत होते, लांबच लांब, निळ्या उजेडात, आणि एका मांडवात नवरी तांब्याच्या वाटीत रडत होती. बाईंनी पदर तोंडाला लावला. आपण बसल्या जागी बोललेलं कुठल्या कुठं गेलं होतं. दोन हजार एकमध्ये दुसरा भाग आला, सहाव्या दारापर्यंतचा. पोलंडातली, कोरियातली पोरं कंपनीला लिहून विचारत, सातव्या दाराशी काय आहे? विश्वेश ती पत्रं वडिलांना मराठीत करून सांगायचा. रावांच्या चेहऱ्यावर हसू आलेलं बाईंनी तेव्हा पाहिलं.

आणि मग नदी आली नाही.

दोन हजार दोनच्या जूनमध्ये कावेरीवरचं मेट्टूरचं धरण उघडलं नाही. आडीचा अठरावा आला, तिरुवैयारूच्या घाटाखाली वाळू आणि वाळूत क्रिकेट खेळणारी पोरं. बायकांनी हातपंपाला हळदकुंकू लावलं. पापनाशमकडची कुरुवै, म्हणजे भाताचं पहिलं पीक, गेली, तिकडून येणारे लोक उतरलेल्या तोंडानं येत. बाळकृष्णरावांना आयतंच फावलं. "सातवं दार गहाण पडलं, मग नदी कोण सोडणार?" रावांनी ते ऐकलं. बाईंनी रागानं दार लावलं खरं, पण शब्द आत येऊन बसला होता. राव जेवण टाकू लागले. त्यांच्या पायांना सूज आली. वर्ष सरता सरता डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, आता खाट सोडायची नाही. पुढच्या जूनमध्येही धरण बंदच राहिलं.

त्याच महिन्यात विश्वेश एक खोकं घेऊन घरी आला. कंपनी बंद झाली होती. परदेशातल्या मालकांनी एका दिवसात गाशा गुंडाळला, संगणक उचलून नेले, तिसरा भाग अर्धवट राहिला तो राहिलाच. पोरगं तेहतीस वर्षांचं, पण दारात उभं होतं ते शाळेतून काढून टाकल्यासारखं. रावांनी त्याला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"झालं ते बरंच झालं. या आडीला मठात तू बस. सातवं दार देवाला सांग. पाच वर्षं त्याला कुणी सांगितलं नाही."

विश्वेश "बरं अण्णा" म्हणाला आणि स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकून खाली बसला.

"अम्मा, मला सातवं दार आठवत नाही."

बाईंच्या हातात नारळ होता. "आठवत नाही म्हणजे? लिहिलं असशील ना तू! नको म्हणताना लिहिलं असशील!"

"त्याच दिवशी लिहिलं, चेन्नईला पोचल्यावर. इंग्रजीत. लिहिलंय म्हणून डोक्यात ठेवलं नाही. मग मालक म्हणाले, शेवट एकच कसा? खेळणाऱ्याला निवडू दे. मग मी आणखी दोन लिहिले. ते म्हणाले, पहिला फार साधा आहे, बदल. बदलला. पुन्हा बदलला. नऊ वेळा, अम्मा. प्रत्येक वेळी मला वाटायचं, हाच. हाच चांगला आहे. आता डोळे मिटले की नऊही दिसतात आणि अण्णांचा कुठला ते कळत नाही. कदाचित कुठलाच नसेल."

बाईंनी नारळ खाली ठेवला. मुलाच्या थोबाडीत द्यावी की त्याला पोटाशी धरावं ते त्यांना समजेना. "मेल्या," त्या म्हणाल्या, "पाच पिढ्यांत एकाचाही विसर पडला नाही रे. त्यांना वाचतासुद्धा येत नव्हतं." आणि मग दोघंही रडले.

रावांना सांगणं बाईंच्याच वाट्याला आलं. त्यांनी आडवळण घेतलं नाही, सरळ सांगितलं. "तो विसरलाय. पुन्हा एकदा सांगा त्याला. नाहीतर मला सांगा, मी सांगेन."

राव आढ्याकडे बघत राहिले. "पाणी सोडलंय मी."

"पाणी सोडलंत ते मुलावर. कथेवर नाही!"

"एकदाच देतात ती."

"आणि मेली तर?"

"मरू दे." ते दमले, थांबले. "शब्द मोडून जगवलेली कथा कशास? तिला काय अर्थ?"

बाई तिथून उठल्या त्या इतक्या संतापानं, की मोरीवर जाऊन त्यांनी घासलेलीच भांडी पुन्हा घासली. याच माणसानं लाखभर लोक ऐकतील म्हणून कथा दिली! आणि एक्केचाळीस वर्षं जिनं पडद्याबाहेर बसून भात केला, ती त्या लाखात सुद्धा नाही! विश्वेश दोन दिवसांनी नोकरी शोधायला चेन्नईला परत गेला. या आडीला मठात कोणी बसणार नव्हतं. आणि डॉक्टर दर खेपेला जाताना बाईंना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलत. राव गेले की सातवं दार गेलं, हे त्या हळू आवाजात न सांगताच सांगून होत होतं.

मग एका दुपारी तांदूळ निवडताना बाईंच्या तोंडातून नकळत पाचवं दार सुटलं. राखणदार म्हणतो, नाव दे. रायाजी म्हणतो, कुठलं देऊ, बापानं ठेवलेलं की फौजेनं? बाईंनी उलट म्हटलं; आधी फौजेचं, मग बापाचं.

ठक्.

त्या दचकल्या. रावांचे डोळे मिटलेले होते, पण उजव्या हाताच्या बोटाचं पेर खाटेच्या लाकडावर होतं. मठात साथीचा कुणी चुकला की राव असंच पेटीच्या कडेवर बोट वाजवत. तोंडानं कथा चालू आणि बोट म्हणतंय, चूक. बाईंनी ओवी सुधारून म्हटली. बोट गप्प राहिलं.

बाई तांदळाचं सूप खाली ठेवून जवळ जाऊन बसल्या. "ऐका. मी सांगत जाते. चुकलं की वाजवा. चूक म्हणणं म्हणजे सांगणं नव्हे. पाणी सोडताना काही तसं ठरलं नव्हतं."

रावांनी डोळे उघडले नाहीत. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. बाईंनी मुद्दाम पहिल्याच दाराशी सावलीऐवजी केस दिले. ठक्! इतकं जोरात, की पलीकडच्या नागलक्ष्मीनं भिंतीपलीकडून विचारलं, काय पडलं गं? बाईंना हसू आवरेना. किती महिन्यांनी हसल्या कोण जाणे.

त्या दिवसापासून दुपारचं जेवण आटोपलं की दोन ते चारच्या कॉफीपर्यंत हेच. सहा दारं सरळ म्हणायची. रावांचं बोट अधूनमधून वाजायचं, एखादा शब्द मागेपुढे झाला की. मग सातव्यापाशी बाई आपल्या मनानं काहीतरी मांडायच्या.

"सातव्या दारानं डोळे घेतले."

ठक्.

"हात घेतले."

ठक्.

"आयुष्याची राहिलेली वर्षं घेतली."

ठक्, आणि त्यात थोडी चीडही. इतकं सोपं असतं तर पडदा कशाला ओढला असता, असं जणू. विश्वेशनं फोनवर आपले नऊच्या नऊ शेवट सांगितले, बाईंनी ते मनात धरून ठेवले आणि रोज एक काढला. परत यायची इच्छा घेतली. ठक्. राणीनं रायाजीला ठेवून घेतलं आणि नदी एकटी आली. ठक्. नववा झाला त्या दिवशी बाई थकून गेल्या. मुलाच्या नऊ शेवटांत बापाचा एकही उरला नव्हता.

पण गंमत अशी, की त्यांना आता रोज दोन वाजायची ओढ लागली होती. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस त्यांच्याशी इतका वेळ कधी बोलला नव्हता, आणि आता तर बोलतही नव्हता. त्या नीलतळात हिंडू लागल्या. वडे वाळणाऱ्या गच्च्यांवरून, टाळ्यांनी हाका मारणाऱ्या बाजारातून, कासविणीच्या देवळावरून सातव्या दारापाशी जायच्या आणि रोज राखणदाराला नवं काहीतरी देऊन पाहायच्या. तेवढा वेळ त्या खाटेवर मरण टेकलेलं नसायचं.

एके दिवशी त्या म्हणाल्या, "सातव्या दारानं तहान घेतली. त्यानं नदी आणली, पण त्याला स्वतःला पाणी नको झालं."

बोट हललं नाही. मग बऱ्याच वेळानं, हळूच, ठक्.

चूकच, पण जवळचं! बाईंना खात्री पटली. नागलक्ष्मीला त्या म्हणाल्या, "एक पाऊल राहिलंय गं." नागलक्ष्मीला काही कळलं नाही, पण तिनं बरं म्हटलं.

आडीचा अठरावा आला आणि गेला. नदीत वाळूच होती. मठाचा पडदा कुणी ओढला नाही, कुणी सारला नाही. बाईंनी घरी मूठभर चित्रान्न केलं, राव दोन शितं खाऊन राहिले. ठक् आता बारीक झालं होतं, कान लावून ऐकावं लागे. बाई जवळ सरकून बसत, सावकाश सांगत, आणि दर वाक्यानंतर थांबत.

त्यानंतर अकराव्या दिवशीची दुपार. बाहेर कडक ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाई रात्रभर विचार करत होत्या आणि त्यांना वाटत होतं की आज सापडलं. त्यांनी सहा दारं म्हटली. चौथ्याशी एकदा बोट वाजलं, पाचव्याशी एकदा. सहाव्यापासून पुढं त्या रावांकडे न बघता, खिडकीबाहेर बघत सांगू लागल्या.

"सातव्या दाराशी राखणदारानं रायाजीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, तुझ्याजवळ तर आता काही उरलंच नाही. सावली नाही, चव नाही, अंगाई नाही, वाट नाही, नाव नाही, रडू नाही. तुझं घेण्यासारखं काय? मग तुझ्यातलं नको, दुसऱ्यांतलं देतोस? रायाजी म्हणाला, घे. राखणदारानं सगळ्यांच्या मनातली त्याची आठवण घेतली आणि नदी सोडली. रायाजी पाण्याच्या पुढं चालत वर आला. घाटावर सारा गाव जमला होता. लोक धावत आले आणि त्याच्या बाजूनं पाण्याकडे धावत गेले. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याची बायको तिथंच होती, घागर घेऊन. तीही पुढं गेली. घागर भरून वर येताना तिला घाटावर एक दमलेला माणूस बसलेला दिसला. ओळखीचा नव्हता. ती म्हणाली, कोण हो तुम्ही? कुठून आलात? आणि उत्तराची वाट न बघता तिनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. नदी आली."

बाई थांबल्या.

ठक् झालं नाही.

त्यांनी वाट पाहिली. तहानेच्या वेळी सुद्धा उशिरा आलं होतं, म्हणून आणखी वाट पाहिली. रस्त्यावरून एक ऑटो गेली. तरी काही नाही. सापडलं! आपल्याला सापडलं, पडद्याबाहेरच्या बाईला! "बरोबर ना?" त्या म्हणाल्या, "अहो, बरोबर ना हो?" आणि वळून पाहिलं.

रावांचं बोट लाकडावरच होतं, वाकवलेलं. तोंड जरासं उघडं. बाईंनी नाकाशी हात धरला, मग छातीवर कान ठेवला, मग पुन्हा नाकाशी हात धरला. अंग अजून ऊबदार होतं. कधी गेले? पाचव्या दाराशी बोट वाजलं होतं, तेवढं खरं. सहाव्यापर्यंत ऐकलं? घाटापर्यंत ऐकलं? की आपण तासभर खिडकीलाच सांगत बसलो? त्यांनी रावांचा खांदा हलवला. "एकदा वाजवा हो," त्या ओरडल्या, "चूक असलं तर चूक म्हणा! अहो, चूक म्हणा!" नागलक्ष्मी धावत आली तेव्हा बाई त्यांचा हात धरून होत्या आणि बोट सोडायला तयार नव्हत्या.

विश्वेश पहाटेच्या गाडीनं आला. दहन झालं. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. बाळकृष्णराव रोज येऊन तिण्णैवर गप्प बसून जात, तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली. सगळे गेल्यावर चौदाव्या दिवशी सकाळी विश्वेश आईसमोर येऊन बसला. तो फार वाळला होता.

"अम्मा, नागलक्ष्मीअक्का म्हणाल्या, तुला सापडलं होतं."

बाईंनी सांगितलं, जसं त्या दुपारी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. घाट, घागर, ओंजळीतलं पाणी. विश्वेश ऐकत होता. अर्ध्यातच त्याचे डोळे वाहू लागले आणि शेवटी तो आईचे दोन्ही हात धरून म्हणाला, "हेच! हेच, अम्मा! अण्णांनी हेच सांगितलं होतं. आता आठवलं मला. शब्द न् शब्द हाच."

बाईंनी मुलाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्याला मनापासून पटलं होतं. पण नऊच्या नऊ वेळा असंच मनापासून पटलं होतं, हे त्यानंच सांगितलं होतं ना? आज दुसरं काही सांगितलं असतं, हात घेतले म्हटलं असतं, तरी हा असाच रडला असता.

"असेल रे बाबा," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याचे डोळे पदरानं पुसले आणि कॉफी ठेवायला उठल्या. आता ही कथा त्यांनी मठात सांगितली काय, गल्लीत सांगितली काय, ज्याला त्याला पटणारच होती. चूक म्हणणारं एकच माणूस होतं.